कंडक्टरबाईंच्या नऊ गाड्या

रविवारी सकाळी सात वाजता मैदानाच्या कोपऱ्यात, जुन्या छत्रीच्या मुठीवर बसवलेली सायकलची घंटी हातात घेऊन जी बाई उभी असते, ती पोरांना फुटबॉल शिकवते असं सांगितलं, तर नवखा माणूस हसतोच. हसू दे. वय बासष्ट, दोन्ही गुडघे कुरकुरणारे, पायात कापडी बूट, डोक्यावर टोपी, आणि समोर चार ते सहा वर्षांची नऊ पोरं. प्रत्येकाच्या पायाशी एकेक लहान चेंडू. बाई दोनदा घंटी वाजवतात, की नऊच्या नऊ चेंडू निघतात. एकदा वाजवली, की नऊ पाय नऊ चेंडूंवर. ब्रेक! कोणाचा चेंडू पुढे निसटला तर बाई म्हणतात, गाडी स्टॉप सोडून पुढे गेली, प्रवासी बोंब मारतायत, घ्या मागे. मग ते पोर चेंडूवर तळवा ठेवून तो मागे ओढतं, तोंडाने पीं पीं करत. हा रिव्हर्स. तळव्याने चेंडू मागे ओढायला शिकवताना मोठ्या पोरांच्या कोचच्या नाकी नऊ येतात, ते इथे पाच वर्षांचं पोर हसत हसत करतं.

बाई तीस वर्षं शहराच्या बसमध्ये कंडक्टर होत्या. त्यातली बावीस वर्षं एकाच गाडीवर, आणि त्या गाडीचा ड्रायव्हर म्हणजे त्यांचा नवरा. असं सहसा होत नाही, पण डेपोतल्या साहेबांनी एकदा चुकून दोघांची ड्यूटी एकत्र लावली आणि नंतर ती बदलायचा कंटाळा केला. नवरा पुढे, बायको मागे, मध्ये साठ माणसं. गाडीत दोघांचं बोलणं ते काय, घंटीचं. एक म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. घरीही तेच व्हायचं. जेवताना बाईंनी ताटावर चमचा एकदा आपटला की पुरे, दोनदा आपटला की आणखी वाढा. वाढायचं काम नवऱ्याचं होतं, कारण स्वयंपाक बाईंचा असायचा. "तू बेल देतेस म्हणून गाडी चालते, मी आपला नुसता बसून असतो," असं ते चिडवायचे, आणि खरं सांगायचं तर बाईंना ते मनातून पटायचं.

तीन वर्षांपूर्वी ते गेले. मुलगा दूर नोकरीला, फोन करतो, चांगला आहे. पण घरात बोलायला भिंती. त्यात डॉक्टरांनी गुडघ्यांसाठी चालायला सांगितलं, म्हणून बाई सकाळी मैदानाला फेऱ्या मारू लागल्या.

त्या वेळी लहान पोरांचा गट एका कॉलेजच्या मुलाकडे होता. त्याच्याकडे एक चेंडू, एक शिट्टी आणि अकरा पोरं. अकराही पोरं त्या एका चेंडूभोवती, एकमेकांच्या पायांवर पाय. तिघं रडतायत, एक जण बाजूला बसून गवत खातोय, आणि तो बिचारा शिट्टी फुंकून लालेलाल. बाईंनी दोन फेऱ्या कशाबशा काढल्या. तिसऱ्या फेरीला तीस वर्षांची सवय उसळून आली, आणि अख्ख्या मैदानाला ऐकू जाईल अशा आवाजात त्या ओरडल्या, "दारात गर्दी करू नका! पुढे सरका, आत जागा आहे!"

पोरं सरकली. कसं कोण जाणे, पण सरकली. त्या आवाजाला भलेभले सरकायचे, ही तर पाच वर्षांची. कॉलेजच्या मुलाने तिथल्या तिथे शिट्टी खाली ठेवली आणि पुढच्या रविवारी तो आलाच नाही.

अशा तऱ्हेने बाई कोच झाल्या. डेपोचा फुटबॉल संघ होता, त्यात नवरा बॅक खेळायचा, आणि बावीस वर्षं शेजारी बसून चहा पिताना बाईंनी जे ऐकलं होतं ते सगळं आता कामी आलं. पास द्यायचा म्हणजे तिकीट द्यायचं, आणि प्रवाशाचं तोंड बघितल्याशिवाय तिकीट द्यायचं नाही, त्यामुळे मान वर. पाण्याच्या बाटल्या म्हणजे स्टॉप, त्यांच्यामधून वळणं घेत जायचं. गोल म्हणजे डेपो. आणि सगळ्यांत लाडका खेळ चेकरचा. बाई स्वतः तिकीट तपासनीस होऊन गाड्यांमागे लागायच्या, ज्याचा चेंडू हाती लागेल त्याला दंड म्हणून बेडूकउड्या. गुडघे विसरून बाई अशा धावायच्या की बाकावरचे आईबाप पोट धरून हसायचे. एक पोरगी इतकी छोटी होती की जर्सी तिच्या घोट्यापर्यंत यायची, तिचं नाव बाईंनी बटण ठेवलं. एक पोरगा अखंड बोलायचा, तो पोपट. पोरं त्यांना कंडक्टरआजी म्हणायची. रविवार उगवायचा म्हणून बाईंचा सोमवार ते शनिवार निघायचा, याहून वेगळं काही नव्हतं त्यांच्या आठवड्यात.

आता बटणचे बाबा. दातांचे डॉक्टर, माणूस सज्जन, पण सगळं वेळेवर आणि मोजून लागणारा. गटात येऊन सात महिने झाले तरी त्यांची लेक दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत चेंडू मागे ओढत पीं पीं करते, दात दुखणारे लोक पाय वर घेऊन बसतात, आणि गोल कशाला म्हणतात असं विचारलं तर ती म्हणते डेपो. त्यांनी मैदानाच्या चिटणिसांकडे तक्रार केली. आणखी दोघांनी माना डोलावल्या. सहा वर्षांपर्यंत मॅच नाही, गुण मोजायचे नाहीत, हा बाईंचा हट्ट सगळ्यांना माहीत होता. मग शिकतायत की नाही हे कळायचं कसं?

चिटणीस हे कोणालाही न दुखावता काम उरकणारे गृहस्थ. त्यांनी बाईंना बाजूला घेऊन सांगितलं की एक नवा कोच यायला तयार आहे, रीतसर परीक्षा दिलेला. महिन्याच्या शेवटच्या रविवारी पुलापलीकडच्या मैदानावरची पोरं बोलवू, दहा-दहा मिनिटांची मॅच होऊ दे, आणि पुढच्या हंगामात गट कोणाकडे द्यायचा ते पालकच सांगतील. बाई बरं म्हणाल्या. घरी आल्या आणि त्या दिवशी जेवल्या नाहीत. हा गट गेला तर रविवारी सकाळी उठून करायचं काय, हा एकच प्रश्न त्यांना दिसत होता.

माणूस घाबरला की आपल्याला येतं तेच जास्त जोरात करतो. बाईंनी तेच केलं. पुढचे तीन रविवार त्यांनी घंटीचा नुसता मारा लावला. एक, दोन यात भागेना म्हणून तीन घंट्या म्हणजे डेपोकडे वळा, चार म्हणजे मागे फिरा, असंही शिकवलं. दर पाच पावलांना टिंग. पूर्वी एखादं पोर घंटीची वाट न बघता आपल्याच नादात चेंडू घेऊन झाडापर्यंत जाऊन यायचं आणि बाई हसून सोडून द्यायच्या, आता ओरडू लागल्या. चेकरचा खेळ बंद. पोपटसुद्धा गप्प झाला, यावरून काय ते समजा. पण पोरं शिकली! तिसऱ्या रविवारी नऊ पोरं घंटीवर अशी चालत होती की बाईंना वाटलं, या मॅचमध्ये घंटी आपण वाजवणार आणि गाड्या डेपोत बरोबर जाणार. त्या रात्री त्या पोटभर जेवल्या.

मॅचच्या दिवशी ऊन छान होतं. पालक झाडून सगळे आले होते, आजी-आजोबा आले होते, नवा कोचही पांढऱ्या बुटांत एका बाजूला नम्रपणे उभा होता. पलीकडची पोरं म्हणजे काही वाघ नव्हती, त्यांचा गोलकीपर जाळीला लटकून झोके घेत होता. पाच-पाच पोरं मैदानात उतरली. बाईंनी घंटी वर उचलली, तोच पंच म्हणून आलेली मुलगी धावत त्यांच्याकडे आली आणि अगदी अदबीने म्हणाली की काकू, खेळ चालू असताना बाहेरून घंटी वाजवता येणार नाही. नियम आहे.

बाईंच्या हातातली घंटी तशीच राहिली.

शिट्टी झाली. चेंडू पोपटच्या पायाशी होता. त्याने त्यावर पाय ठेवला आणि बाईंकडे बघितलं. बटणने बघितलं. पाचही जणांनी बघितलं. दहा डोळे बाईंवर, पाय जमिनीला चिकटलेले. समोरचा एक पोरगा दुडुदुडु आला, पोपटच्या पायाखालून चेंडू काढून घेतला आणि सरळ गोलात जाऊन आला. लोक हसले. दुसऱ्यांदा पोरांनी जरा हालचाल केली, तर कुंपणापलीकडच्या रस्त्याने एक सायकलवाला जाता जाता टिंग करून गेला. पाचही गाड्यांना करकचून ब्रेक. तेवढ्यात दुसरा गोल. मग लोक जास्त हसले. पाचव्या गोलाला कोणी हसलं नाही, आणि ते बाईंना जास्त लागलं. दातांचे डॉक्टर घड्याळाकडे बघत होते. "आजी, बेल दे ना," असं बटण मैदानातून रडवेल्या आवाजात म्हणाली. आपण पोरांना गाडी चालवायला शिकवलीच नाही, नुसती घंटी ऐकायला शिकवली, हे त्यांना तिथे उभ्या उभ्या लख्ख कळलं. नवा कोच, चिटणीस, हंगाम, सगळं त्या विसरल्या आणि त्यांना फक्त लाज वाटली.

मधल्या सुट्टीत त्या गवतावर बसल्या. गुडघे कटकन वाजले. नऊ पोरं भोवती, कोणी नाक पुसतंय, कोणी बाटली उलटी करतंय. बाईंनी घंटी टोपीत घालून बाजूला ठेवून दिली आणि गोष्ट सांगायला घेतली, जी त्यांनी आजवर कोणालाच सांगितली नव्हती, कारण तिच्यात त्यांचीच फजिती होती.

एकदा भर बाजारात गाडी स्टॉपवर उभी होती. सगळे चढले, दार बंद झालं, बाईंनी डबल बेल दिली. गाडी हलेना. पुन्हा दिली. हलेना. प्रवासी कुरकुरायला लागले, बाईंचं डोकं तापलं, आणि त्या साठ माणसांतून वाट काढत नवऱ्याशी भांडायला पुढे गेल्या. बघतात तर गाडीच्या अगदी नाकासमोर एक म्हातारे गृहस्थ वाकून रस्त्यावर सांडलेले बटाटे गोळा करत होते. काचेतून त्यांची नुसती पाठ दिसत होती.

"मला मागून दिसतच नव्हते ते," बाई म्हणाल्या. "ड्रायव्हरला दिसत होते."

पोपटने विचारलं, "मग बेल कोणी चुकीची दिली?"

"मी."

"म्हणजे तू चुकलीस?"

"चुकले. आणि आजपण चुकले. बेल देणारीला सगळं दिसत नसतं रे. समोरचं दिसतं ते चालवणाऱ्याला. आता गाडी तुम्ही चालवायची."

पोरांनी यावर गंभीरपणे विचार केला. बटाट्यांचं पुढे काय झालं ते आधी विचारून घेतलं. सगळे गोळा झाले, एक चाकाखाली गेला होता तो सोडून, असं बाईंनी सांगितलं तेव्हा त्यांचं समाधान झालं. मग बटणने विचारलं, "आणि तू काय करणार?"

"मी बसणार. प्रवासी."

दुसऱ्या डावात काय चमत्कार वगैरे झाला नाही, उगाच आशा लावून घेऊ नका. दोन गोल आणखी बसले. पण पोरं धावली. वेडीवाकडी, दारात गर्दी करत, एकमेकांना आपटत धावली. पोपटचं तोंड सुरू झालं, तो दोन्ही संघांना सूचना देत होता. एका पोराने चेंडू नेला तो थेट कुंपणापर्यंत, कुंपणाला वळसा घालता येईना म्हणून रिव्हर्स घेतला आणि पीं पीं करत परत मैदानात आला. बाई हात मांडीखाली दाबून बसल्या होत्या. घंटीची इतकी सवय की बोटं आपोआप वळवळत होती.

शेवटचं मिनिट असेल. चेंडू बटणकडे आला आणि तिच्यापुढे मैदान मोकळं होतं. पलीकडचा गोलकीपर गोल सोडून आईकडे पाणी प्यायला गेला होता. जर्सी दोन्ही हातांनी वर धरून बटण निघाली. दातांचे डॉक्टर बाकावरून उठले. आयुष्यात ते कधी इतके मोठ्याने ओरडले नसतील. मार, मार, म्हणत ते रेषेपर्यंत आले. आणि समोरून बटणला अडवायला निघालेला एक छोटा पोरगा स्वतःच्याच बुटात अडकून तिच्या वाटेत धाडकन आपटला. बूट निघून एकीकडे पडला.

बटणने चेंडूवर पाय ठेवला.

सगळं मैदान ओरडत होतं. बाबा ओरडत होते, चिटणीस ओरडत होते, नवा कोचसुद्धा हात हलवत होता. ती हलली नाही. तो पोरगा उठला, डोळे पुसले, बूट शोधला, उलटा घातला, पुन्हा नीट घातला. तो बाजूला झाल्यावर बटण निघाली आणि तिने होता नव्हता तेवढा जोर लावून चेंडू मारला. पण एवढ्या वेळात गोलकीपर पाणी पिऊन परत आला होता. त्याने चेंडू अडवला आणि त्याच्यावर चक्क बसला. शिट्टी झाली. सात शून्य.

डॉक्टर लेकीजवळ गेले तेव्हा त्यांचा चेहरा लाल झाला होता. बाई मागोमाग लगबगीने निघाल्या होत्या, काय बोलणी खायची ती आपणच खावीत, पोरीला नकोत, म्हणून. त्यामुळे त्यांनी सगळं ऐकलं. डॉक्टरांनी विचारलं, अगं थांबलीस का, समोर कोणी नव्हतं.

"तो होता ना खाली," बटण म्हणाली.

"थांब म्हणून कोणी सांगितलं तुला?"

"कोणी नाही," ती म्हणाली. "मलाच दिसलं."

डॉक्टरांनी खाली बसून लेकीच्या बुटाची नाडी बांधली, ती सुटलेली नव्हती तरी. बाई मात्र तिथेच, भर मैदानात, सगळ्या पालकांसमोर रडायला लागल्या. हातांनी तोंड झाकलं तरी खांदे हलत होतेच. बावीस वर्षं त्या माणसाने काचेतून समोर बघून गाडी चालवली होती, आणि आपल्याला वाटत होतं ती आपल्या घंटीवर चालते. नवऱ्याची इतकी आठवण त्यांना गेल्या तीन वर्षांत आली नव्हती. पोपटने जवळ येऊन विचारलं की आजी, हरलो म्हणून रडतेस का. बाई म्हणाल्या, नाही रे, आनंद झाला. पोपटला ते पटलं नाही आणि त्याने तसं सांगितलंही.

चिटणीस घसा खाकरत आले. पालकांना गोळा करून त्यांनी सात शून्य हा आकडा शक्य तितका हळू उच्चारला आणि आता पुढच्या हंगामाचं काय ते ठरवू या असं म्हणाले. बाईंनी मध्येच हात वर केला. पहिल्या डावातलं सगळं माझ्यामुळे झालं, पोरांचा काही दोष नाही, नवा कोच चांगला दिसतो, असं त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात कुठे मानभावीपणा नव्हता. मग दातांचे डॉक्टर म्हणाले, "बाई, मला गोल नको. हे जे आता तिने केलं, ते शिकवा." आणि थोडं थांबून, जरा ओशाळून, "पीं पीं तेवढं दवाखान्यात करू नको म्हणावं."

गट बाईंकडेच राहिला. घंटी अजून आहे, चेकरचा खेळ पुन्हा सुरू झालाय, आणि नवा कोच सवड काढून येतो आणि चेकर होऊन पोरांच्या मागे पळतो, कारण बाईंच्या गुडघ्यांचं आता काही खरं नाही. एकच गोष्ट नवी आहे. दर रविवारी शेवटची दहा मिनिटं घंटी बंद. पोरांनी त्याला नाव दिलंय ड्रायव्हरची वेळ. त्या वेळात काय करायचं ते पोरं ठरवतात, कुठे वळायचं, कुठे थांबायचं, कोणासाठी थांबायचं. बाई बाकावर बसतात आणि एक शब्द बोलत नाहीत. आठवड्यातली ती दहा मिनिटं त्यांना सगळ्यांत जड जातात, आणि ती त्यांनी अजून एकदाही चुकवलेली नाहीत.